लेकीला पुण्याला पाठवतेय : वसतिगृह, कॉट बेसिस की नात्यातल्या माणसाकडं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथं बऱ्याच वर्षांपासून वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या लेकीला पुणे विद्यापीठात एम. एस्सी. संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला. आम्ही नांदेड जिल्ह्यातले, तालुक्याच्या गावी राहतो. मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका, हे शेती बघतात. बी. एस्सी. तिनं नांदेडला माझ्या बहिणीकडं राहून केलं. विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव लागलं नाही, प्रतीक्षा यादीत आहे.

आता ह्यांचं म्हणणं, तिच्या मामेबहिणीकडं वाकडला राहू दे. ती आयटीत आहे, फ्लॅट मोठा आहे, रक्ताचं माणूस जवळ राहील. लेक म्हणते, विद्यापीठाजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहते, अनोळखी मुलींबरोबर. मला वाटत होतं थोडे पैसे जास्त जाऊ देत, पण एकटीची खोली घ्यावी, अभ्यास होईल.

भाड्याची चिंता आहेच, पण खरी चिंता वेगळी आहे. नांदेडला तीन वर्षांत तिची एकच मैत्रीण झाली, तीही लग्न होऊन गेली. सुट्टीत घरी आली की आपली खोलीत. हुशार आहे, स्वभावाला गोड आहे, पण आपण होऊन कुणाशी बोलायला जात नाही. एवढ्या मोठ्या विद्यापीठात माझ्या लेकराला माणसं मिळतील का? जागा ठरवताना हे कसं बघायचं, कुणी सांगेल का?

कळण्याची_भाकरी

काकू, आधी अभिनंदन! मी चोपड्याची, सध्या विद्यापीठातच दुसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या लेकीच्या शेजारच्याच विभागात म्हणा.

वाकड नको. बहीण कितीही चांगली असली तरी नको. कारण सांगते. आमच्या वर्गात एक मुलगी वाकडहून यायची. वर्ग साडेचार-पाचला सुटतो आणि आमचं सगळं त्यानंतर सुरू होतं. कुणी जयकर ग्रंथालयात बसतं, कुणी अनिकेत कँटीनला चहा घेतं, कुणी गणितं अडली म्हणून विभागाच्या पायरीवरच वही उघडून बसतं. कधी चालत आयुकापर्यंत, म्हणजे आवारातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेपर्यंत जायचं, तिथं अंगणात आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, त्यांच्याजवळ बसायचं. ही मुलगी पावणेपाचपासून फोनवर वेळ बघायला लागायची. एकदा बस चुकली की गणेशखिंड रस्त्यावरची गर्दी तिला आठपर्यंत घरी पोचू द्यायची नाही. ती प्रत्येक गप्पांतून अर्ध्यात उठून जायची. सुरुवातीला आम्ही "थांब ना" म्हणायचो. दिवाळीनंतर म्हणणं बंद झालं. आमचीच चूक होती ती, आज वाईट वाटतं. पण तसंच होतं.

पहिलं वर्ष चालत जाता येईल एवढ्या अंतरावर काढू दे. औंध महाग आहे. खडकी गेटकडची बाजू, गोखलेनगर, जनवाडी, पांडवनगर इकडं बघा. आणि प्रतीक्षा यादीवरून नाव काढून घेऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जागा सुटतात. कुणाला दुसरीकडं प्रवेश मिळतो, कुणाला नोकरी लागते.

सुपारी_खांड

वाचतोय. माझा मुलगा पुढच्या वर्षी.

तिसरी_कॉट

गोदाकाठताई, तुमचा प्रश्न वाचून २००३ साल डोळ्यांपुढं आलं.

आमच्या वसतिगृहातली खोली दहा बाय बाराची. तीन कॉट, तीन टेबलं, एक खिडकी. राहायचो मात्र चौघं. चौथ्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढलेत त्यांना 'पॅरासाइट' हा शब्द माहीत असेल. ज्याला खोली मिळालेली नाही, जो मित्राच्या खोलीत लपूनछपून राहतो, तो पॅरासाइट. शब्द वाईट आहे. पण त्या खोलीत तो शिवीसारखा कुणी वापरला नाही. "आमचा पॅरासाइट कुठंय रे?" असं विचारायचो, घरातल्या धाकट्याबद्दल विचारावं तसं.

तो उस्मानाबादकडचा. दोन कॉटच्या मधे अडीच फुटांची पट्टी होती, ती त्याची. रात्री गादी पसरली की त्याचे पाय माझ्या टेबलाखाली जायचे. पहाटे पाचला उठून गादीची वळकटी करायची, ट्रंकेमागं उभी करायची आणि पुस्तकं घेऊन वाचनकक्षात निघून जायचं. रेक्टरांची फेरी कधी असते ते सगळ्या मजल्याला पाठ होतं, आणि तसा निरोप आला की आमच्या आधी शेजारच्या खोलीतली मुलं ती वळकटी आपल्याकडं ओढून न्यायची. मेसचे डबे आम्ही तीन लावले होते. तीन डब्यांत चौघं. भात कमी पडायचा, मग खाली जाऊन पाव आणायचो. कुणी कुणाला हिशेब विचारला नाही.

नियमाविरुद्ध होतं, आज कुणी तसं करावं असं मी म्हणणार नाही. एका खोलीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं म्हणजे पाणी, संडास, आग, सगळ्याचाच धोका. पण माझ्यासारखा घुम्या पोरगा त्या अडीच फुटांमुळं बोलायला शिकला. रात्री पाणी प्यायला उठलं तरी कुणाला तरी ओलांडून जावं लागायचं, "सरक जरा" म्हणावंच लागायचं. तुमच्या लेकीला एकटीची खोली घेऊन देऊ नका. ज्याला आपणहून बोलायला जमत नाही, त्याला बोलावं लागेल अशी जागा हवी.

शनिवारातली_आजी

वर सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून लिहिते. मी पुण्यात शनिवार पेठेत राहते, गेली २२ वर्षं घरात मुली ठेवते. दोन खोल्या, पाच मुली.

गर्दीत राहिलं की मैत्री होते हे खरं नाही. चार अनोळखी मुली एका खोलीत, प्रत्येकीच्या कानात ते बोंडूक, प्रत्येकीची चादर लावून केलेली भिंत. असं मी शेजारच्या इमारतीत बघते. तिथं एका मुलीला डेंग्यू झाला. तिसऱ्या दिवशी ती जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा बाकीच्यांना कळलं की तिला ताप आहे. एकीनं तर विचारलं, "ही आपल्याच खोलीतली ना?" मी तिला माझ्याकडं आणलं, पेज करून दिली, आईवडील येईपर्यंत बसले.

तेव्हा ताई, जागा बघायला जाल तेव्हा कॉट किती, पंखा चालतो का, हे बघाच. पण त्या घरात मुली एकमेकींना कुठं भेटतात ते आधी बघा. पिण्याचं पाणी कुठं भरतात? जेवायला एकत्र बसायला चटई टाकण्याएवढी जागा आहे का, का आपापला डबा कॉटवर? माझ्याकडं स्वयंपाकघराबाहेर एक जुना दिवाण आहे. मुली बाहेरून आल्या की आधी तिथं टेकतात, चप्पल काढता काढता दिवसभराचं सांगून टाकतात. तो दिवाण मोडायला आलाय, मुलगा म्हणतो टाकून दे. मी टाकत नाही.

आणि रात्री साडेनऊची वेळ पाळायला लावते म्हणून मला कुणी खडूस म्हणो. नाटकाला, परीक्षेला, गणपतीत सूट देते. सांगून जावं एवढंच.

कळण्याची_भाकरी

आजी, दिवाण टाकू नका! मी बघायला येते.

इसारपावती

वकिली करतो, म्हणून रुक्ष पण कामाचं लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात असंही आहे की असा लेखी करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. मुलांना हे कुणी सांगत नाही. "करार नाही ना केला, मग डिपॉझिट विसर" असं ऐकवलं की मुलं गप्प बसतात. गप्प बसू नये.

कॉट बेसिसवाले बहुतेक करार टाळतात. निदान एवढं करा : डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर पाठवा आणि शेऱ्यात 'डिपॉझिट' असं लिहा. सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते मेसेजवर लिहून घ्या. सामान ठेवायच्या आधी खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीची ओल, तुटलेली कडी सगळं त्यात येऊ द्या. माझ्याकडं येणाऱ्या दहा मुलांपैकी नऊ जण हा व्हिडिओ काढलेला नसल्यामुळंच अडकलेली असतात.

लोकलचा_डबा

मला थोडं वेगळं मांडायचंय. मी मुंबई विद्यापीठाची, कालिनाला एम. ए. केलं, राहायला डोंबिवलीला. आमच्यातल्या बहुतेकांनी वसतिगृह आतून पाहिलंसुद्धा नाही. म्हणून आमचं विद्यार्थिजीवन झालंच नाही का? माझ्या तीन जिवलग मैत्रिणी ७:५२ च्या लोकलमधल्या आहेत. एक दुसऱ्याच कॉलेजची, एक बँकेत, एक नर्स. डोंबिवली ते कुर्ला, रोज पाऊण तास. डोहाळजेवण केलंय आम्ही डब्यात.

अंतर म्हणजे एकटेपणा, हे समीकरण मला पटत नाही. माणसं प्रवासातही मिळतात.

कळण्याची_भाकरी

ताई, तुमची लोकल रोज तीच, डबा तोच, माणसं तीच. पुण्यात बस कधी येईल हेच माहीत नसतं, मग रोज तीच माणसं कुठून भेटणार? विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून तिथं कायम काही ना काही काम चालूच आहे. मी रागानं नाही लिहीत, खरंच लिहितेय.

लोकलचा_डबा

'तीच माणसं' हा मुद्दा मान्य. मग अंतरापेक्षा रोज तेच चेहरे दिसणं महत्त्वाचं, असं म्हणू या का?

तिसरी_कॉट

म्हणू या. +१

निळी_शाई

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, म्हणून मी लिहितो.

मी २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातून पुण्यात आलो. पहिल्या आठवड्यात अकरा ठिकाणी खोली बघितली. फोनवर सगळं जुळायचं. दारात गेलं की पाणी मिळायचं, गाव विचारायचे, वडील काय करतात विचारायचे, मग "पूर्ण नाव काय म्हणालात?" मी पूर्ण नाव सांगायचो. मग कुणाचा भाचा यायचा असायचा, कुणाला रंगकाम काढायचं असायचं. एका काकांनी सरळ सांगितलं, आमच्याकडं देवघर आहे. देवघर माझ्याही आजीच्या घरात आहे, तिथं बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. मी पायऱ्या उतरलो आणि कोपऱ्यावर उभा राहून बापाला फोन केला, "खोली आवडली नाही" म्हणून सांगितलं.

बाराव्या जागी एका मुस्लिम कुटुंबानं खडकीला खोली दिली. तिथं आम्ही तिघं होतो. तिघांनाही आधी कुठं ना कुठं नकार मिळालेला. त्या खोलीची मैत्री अजून टिकून आहे.

गोदाकाठताई, तुम्हाला हा अनुभव येईल की नाही मला माहीत नाही. पण जागा शोधणाऱ्या सगळ्यांना शहर सारखं भेटत नाही, हे या धाग्यात नोंदलेलं असावं असं वाटलं.

पैशांबद्दलही सांगतो, कुणाला उपयोग होईल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी मी घेतली तेव्हा वर्षाला ६०,००० होते : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ताई, तुमच्या जमिनीचा सातबारा बघा, पण तुमचा पगार धरून उत्पन्नाच्या अटीत बसतं का तेही तपासा. आणि पैसे हप्त्यानं येतात, पहिले काही महिने आपल्या हाताशी रक्कम ठेवूनच चला. मी ते महिने 'कमवा आणि शिका'वर काढले. रोज दोन-तीन तास काम, तासाप्रमाणे मोबदला. पुस्तकं जागेवर लावायचं काम होतं. अर्ध्या विद्यापीठाशी ओळख तिथं झाली.

शनिवारातली_आजी

निळी_शाई, तुमचं दोनदा वाचलं.

मीही विचारायचे. "कुठल्या तुम्ही?" म्हणजे तोच प्रश्न, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्याकडं सुरुवातीच्या वर्षांत कुठल्या मुली असायच्या आणि कुठल्या नसायच्या, ते आता मागं वळून बघितलं की दिसतं. एक मुलगी सोडून जाताना आपल्या जागी मैत्रीण आणून बसवून गेली. तिचं पूर्ण नाव मला दोन महिन्यांनी पोस्टातून आलेल्या पाकिटावर दिसलं. तोवर ती माझ्या आजारपणात रात्रभर उशाशी बसलेली होती. त्यानंतर विचारत नाही. पण आधी ज्यांना परत पाठवलं त्या मुली कोण होत्या, त्या कुठं राहिल्या, ते मला माहीत नाही, आणि ते मनातून जात नाही.

निळी_शाई

आजी, हे लिहिलंत. आभार.

इसारपावती

दोघांनाही नमस्कार.

रंकाळ्याचा_वारा

या निमित्तानं आठवण द्यायलाच पाहिजे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातलं पोरगं शिकायचं थांबतं ते फीमुळं जेवढं, तेवढंच शहरात पाठ टेकायला जागा नाही म्हणून, हे त्या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं. माझे पणजोबा त्यातल्या एका बोर्डिंगात शिकले. घरात पहिली सही करणारा माणूस.

सुपारी_खांड

कोल्हापूरचा विषय निघाला नाही असा धागा मी अजून बघितला नाही. पण या वेळी अगदी योग्य ठिकाणी निघाला!

दिवेलागण

माझे वडील १९४० च्या दशकात कोकणातून पुण्याला शिकायला आले. वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, अशी सात घरं. गुरुवारचं घर मिळेना, म्हणून गुरुवारी उपास. पुढं घरातल्या सगळ्यांनी त्यांना दत्तभक्त समजलं, ते हसायचे फक्त. आम्हाला खरं कारण त्यांनी ऐंशीव्या वर्षी सांगितलं.

पुण्यातलं १९०९ चं अनाथ विद्यार्थी गृह किंवा डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती, या संस्था अशाच मुलांसाठी उभ्या राहिल्या. गोदाकाठताई, समितीची वसतिगृहं आजही ग्रामीण भागातल्या मुलामुलींना घेतात. मुलाखत असते. चौकशी करून बघा.

खाडा_धरा

जेवणाचा विषय निघाला म्हणून. मेस लावताना तीन गोष्टी विचारा : खाडा किती दिवसांपासून धरतात, पाहुण्याचं ताट किती आणि रविवारी फीस्ट सकाळी की संध्याकाळी. आमच्या मेसमध्ये सलग चार दिवस नसलात तरच खाडा धरायचे. आम्ही सगळे शुक्रवारी रात्री गावी जाऊन सोमवारी सकाळी परत. म्हणजे तीनच दिवस. कधीच खाडा नाही!

लोकलचा_डबा

खाडा म्हणजे काय?

खाडा_धरा

जितके दिवस जेवला नाहीत तितके पैसे वजा. मुंबईकरांना घरचं आयतं मिळतं, म्हणून हा शब्द माहीत नाही. :)

कळण्याची_भाकरी

फीस्टला आमच्याकडं पुरीभाजी, मसालेभात आणि श्रीखंडाची वाटी. तीनपैकी एक मुलगी श्रीखंड खात नाही. तिच्या वाटीसाठी क्रम लावलेला आहे, भिंतीवर कागद चिकटवून. हा आठवडा माझा.

इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय (इसारपावती आणि माझा काही संबंध नाही, इसार ही इथली नदी). इथं विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षा यादी काही सत्रांची असते, वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मग पर्याय म्हणजे सामाईक घर, त्याला 'वेगे' म्हणतात. तिथं मालकापेक्षा आधीच राहणारी मुलं तुम्हाला निवडतात. त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावतात, चहा देतात, भांडी कोण घासतं विचारतात. मी सतरा ठिकाणी जाऊन आलो. निळी_शाई यांचं वाचताना ते आठवलं. पण फरक आहे. मला तिथं नकार मिळाला की मी पुढं जायचो. माझ्या आजोबांना मिळालेले नकार त्यात मिसळलेले नव्हते.

शेवटी वसतिगृहात जागा मिळाली. मजल्यावर बारा खोल्या आणि एकच स्वयंपाकघर. पहिले तीन आठवडे मी रात्री अकरानंतर जाऊन खिचडी लावायचो, कुणी नसताना. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि शेजारचा इराणी मुलगा धावत आला, त्याला वाटलं काहीतरी फुटलं. त्याला कुकर उघडून दाखवला. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या दोघांना घेऊन आला, शिट्टी ऐकायला. आजींचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पाणी आणि चूल कुठं आहे ते बघा.

अभ्यासिका_४१

मी सहसा लिहीत नाही.

सदाशिव पेठेत राहतो, स्पर्धा परीक्षेची चौथी खेप. खोली एकट्याची आहे. आधी चौघांत राहायचो, अभ्यास होत नाही म्हणून एकट्याची घेतली. सकाळी सातला अभ्यासिकेत जातो, ४१ नंबरची खुर्ची. तिथं बोलायला मनाई आहे. रात्री अकराला परत. मागच्या जुलैत एक दिवस लक्षात आलं की आपण तीन दिवसांत "एक चहा" याखेरीज काही बोललेलो नाही. घरी फोनवर "बरं आहे" म्हणतो, ते धरलं तर चार शब्द.

मेसच्या मावशी एकदा म्हणाल्या, "काल आला नाहीस. पोळ्या काढून ठेवल्या होत्या." मला तिथंच ताट हातात घेऊन रडू आलं. मेसमध्ये दीडशे मुलं जेवतात. त्यांना माझं नाव माहीत नाही. पण मी आलो नाही हे त्यांना कळलं होतं.

ताई, अभ्यास एकट्याच्या खोलीत जास्त होतो हे खरं आहे. माझे तास वाढले. पण तुमच्या लेकीला एकटं ठेवू नका. ती जेवली नाही तर कुणाला कळेल, एवढं बघा.

तिसरी_कॉट

अभ्यासिका_४१, मी कोथरूडला राहतो. निरोप केलाय. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जातो, सहा वाजता. येच.

शनिवारातली_आजी

माझं घर तुझ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे बाळा. संध्याकाळी दिवाणावर येऊन बस. काही बोललं नाहीस तरी चालेल.

अभ्यासिका_४१

रविवारी येतो. आजी, येईन.

गोदाकाठ

मंडळी, उशिरा लिहितेय. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी नांदेड-पनवेल गाडीनं पुण्याला आलो. तुमचे सगळे प्रतिसाद लेकीनं गाडीत वाचले, मोठ्यानं मला वाचून दाखवले. अभ्यासिका_४१ यांचा वाचताना थांबली. मग म्हणाली, "आई, एकटीची खोली नको."

दोन दिवसांत सात जागा बघितल्या. एका ठिकाणी खोली चकाचक, पण पाण्याचा माठ मालकिणीच्या घरात आणि त्यांचं दार बंद. लेकीनंच मला डोळ्यानं खुणावलं, नको. आणखी एका ठिकाणी मला पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. आधी कधी त्याच्याकडं माझं लक्ष गेलं नसतं. या वेळी गेलं. आम्ही चहा न घेता निघालो.

शेवटी गोखलेनगरात घेतली. पानशेतच्या पुरानंतर वसलेली वस्ती, बुटकी घरं, गल्लीत सगळ्यांची दारं उघडी. घर एका निवृत्त परिचारिकेचं आहे. वर तीन मुली, चौथी माझी. एक गडचिरोलीची, एक सांगोल्याची, एक अलिबागची. स्वयंपाकघर सामाईक, फरशीवर एक गोल दिसतोय, रोज तिथंच बसून जेवत असणार, तेवढी जागा गुळगुळीत झालीय. इसारपावती यांनी सांगितल्याप्रमाणं व्हिडिओ काढला, डिपॉझिट खात्यावर भरलं. करार करू म्हटलं तर बाईच म्हणाल्या, "नोंदणीचाच करायचा, माझ्या मुलीच्या वेळी फसलोय."

मी निघताना लेक कॉटवर बसून होती, तशीच गप्प. सांगोल्याची मुलगी आली आणि म्हणाली, "तुझं संख्याशास्त्र आहे ना? माझा अर्थशास्त्राचा पेपर आहे, प्रतीपगमन, म्हणजे ते रिग्रेशन, शिकवशील का?" लेकीनं मान हलवली. मी रिक्षात बसेपर्यंत दोघी वही उघडून बसल्या होत्या. मला बाय करायलासुद्धा आली नाही.

वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव अजून आहे. लागलं तर काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

एकच विचारायचं राहिलं. दर पंधरा दिवसांनी धपाटे, चटणी, लोणचं पाठवायचंय. एसटीनं पार्सल टाकलं तर तिनं ते कुठून घ्यायचं? ह्यांना शिवाजीनगर माहीत आहे, पण ते स्टँड तिथं नाही म्हणे आता.

कळण्याची_भाकरी

काकू, मेट्रोच्या कामामुळं शिवाजीनगरचं स्टँड वाकडेवाडीला हललंय. गोखलेनगरहून रिक्षानं फार लांब नाही. ट्रॅव्हल्सनं पाठवलं तर बहुतेक गाड्या संगमवाडीला थांबतात. पण एसटीच बरी, आमचं सामान चोपड्याहून तसंच येतं. डब्यावर तिचं नाव आणि फोन मोठ्या अक्षरांत लिहा, आणि लोणच्याच्या बरणीला आधी प्लॅस्टिक, मग फडकं, मग दोरी. पहिल्या खेपेला मी जाते तिच्याबरोबर.